तेरेझची काळोखातली वाट



आजच्या व्याख्यानाचा विषय मी चालकांना कळवला, तेव्हा त्यांनी मोठ्या सौजन्याने, पण किंचित काळजीने विचारले, "का हो, आपल्याकडचे संत संपले का?" संपले नाहीत आणि संपणारही नाहीत. परंतु आपल्या संतांविषयी बोलताना माझी एक अडचण होते. त्यांचे शब्द आपण इतक्या लहानपणापासून ऐकलेले असतात की ते कानावरून घसरून जातात. वक्त्याने काही नवे सांगितलेले नसते, श्रोत्यांनी काही नवे ऐकलेले नसते, आणि तरी दोघेही समाधानाने घरी जातात. परक्या मुलखातल्या, परक्या धर्मातल्या माणसाकडे पाहताना ही सोय राहत नाही. तिथे डोळे उघडे ठेवूनच चालावे लागते. म्हणून आज मी आपल्याला फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतात, लिझ्यू नावाच्या लहानशा गावी नेणार आहे. तिथल्या कार्मेलच्या मठात तेरेझ मार्तें नावाची एक मुलगी पंधरा वर्षांची असताना शिरली आणि चोवीस वर्षांची असताना क्षयाने तिथेच मेली. मधल्या नऊ वर्षांत तिने काय केले असे विचाराल, तर त्याचे खरे उत्तर 'सांगण्यासारखे फारसे काही नाही' असे आहे. त्या 'फारसे काही नाही'विषयीच मी बोलणार आहे.

मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा कुणाचा प्रचार करावा असा माझा हेतू नाही. आणि 'त्यांचे तेच आपले' असे म्हणून सगळ्या धर्मांचा एकच काढा करण्याची जी पद्धत पडली आहे, तीही मला फारशी रुचत नाही. दुसरे असे की मी तिला 'ती' म्हणणार आहे. कॅथलिक धर्मपीठाने तिला 1925 साली संतपद दिले आणि 1997 साली 'धर्माचार्य' ही पदवी दिली, जी तोवर फक्त दोन स्त्रियांना मिळालेली होती. पण आपण जनाबाईला जसे 'ती' म्हणतो, तसेच मी हिलाही म्हणेन.

ह्या बाईची आणि माझी पहिली भेट काही चांगली झाली नाही. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिच्या आत्मकथेचे एक इंग्रजी भाषांतर मला मिळाले. मुखपृष्ठावर गुलाबाची फुले हातात धरलेली एक गोरीगोमटी, जरा जास्तच गोड अशी मुलगी होती. आत तर फुले, पाखरे, बाळ येशूचा खेळण्यातला चेंडू! तीस-चाळीस पानांतच माझे तोंड इतके गोड झाले की पुस्तक मिटून ठेवले. आपल्या गावोगावच्या शाळांवर 'लिटल फ्लॉवर' अशी पाटी असते ना, ती हीच. शाळेच्या पाटीवर शोभावी एवढीच हिची योग्यता, असे मी ठरवून टाकले.

ते माझे चुकले. मात्र चूक सर्वस्वी माझी नव्हती, हे पुढे कळले. ती कशी, ते ओघाने सांगेन.

आता तिचे बालपण. ते मी थोडक्यात आटोपतो, कारण बहुतेक चरित्रकार तिथेच रेंगाळतात. जन्म 2 जानेवारी 1873, गाव आलाँसों. वडील लुई घड्याळजी. आई झेली त्या गावची प्रसिद्ध लेस विणणारी आणि विणवून घेणारी, म्हणजे घरचा व्यापार खरा तिच्याच हातात. नऊ मुले झाली, पाच मुली जगल्या, त्यांत ही शेवटची. ती साडेचार वर्षांची असताना आई स्तनाच्या कर्करोगाने गेली आणि कुटुंब लिझ्यूला मामाच्या आधाराने येऊन राहिले. दुसरी बहीण पोलीन हिला तिने आई मानले, तर तीही 1882 साली मठात गेली. मुलगी विलक्षण हळवी झाली. रडायची, आणि आपण रडलो म्हणून पुन्हा रडायची.

1886 सालच्या नाताळच्या रात्रीची एक गोष्ट आहे. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून सगळे घरी आले. तिकडे मुलांचे बूट शेकोटीपाशी ठेवून त्यांत भेटी घालण्याचा रिवाज आहे. चौदा वर्षांची व्हायला आलेली ही घोडी अजून तो लाड करून घेत असे. वडील थकले होते. 'चला, निदान हे शेवटचेच वर्ष!' अशा अर्थाचे काहीसे ते पुटपुटले आणि जिन्यात असलेल्या तेरेझच्या ते कानी पडले. डोळे भरले. धाकट्यांपैकी सेलीन ही बहीण बरोबर होती. ती म्हणाली, आत्ताच खाली जाऊ नकोस. पण तेरेझने डोळे पुसले, ती खाली गेली आणि हसत हसत एकेक भेट अशी काढू लागली की वडिलांचा सगळा थकवा पळाला. झाले, एवढेच. साक्षात्कार नाही, आकाशवाणी नाही. पण आपल्या आयुष्याची कलाटणी म्हणून तिने हीच रात्र नोंदवली आहे. पोरपण कुठे संपते? दुसऱ्याचा थकवा आपल्या रडण्यापेक्षा मोठा दिसू लागतो तिथे. ह्या मुलीला ते जिन्याच्या पायऱ्यांवर दिसले.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रांझिनी नावाच्या एका माणसाला दोन बाया आणि एक लहान मुलगी ह्यांचा खून केल्याबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. त्याला पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता. चौदा वर्षांच्या ह्या मुलीने त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली. घरात वर्तमानपत्र वाचायची बंदी होती. तरी फाशीच्या, म्हणजे तिकडच्या रीतीप्रमाणे गिलोटिनच्या, दुसऱ्या दिवशी तिने ते चोरून उघडलेच. चौथऱ्यावर चढल्यावर शेवटच्या क्षणी त्या माणसाने धर्मोपदेशकाच्या हातचा क्रूस घेऊन तीनदा त्याचे चुंबन घेतले, अशी बातमी होती. ह्या खुनी माणसाला ती पुढे आपले पहिले मूल म्हणत असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण ती आपल्याला पुढे लागणार आहे.

पंधराव्या वर्षी मठात जायचे, तर कुणी परवानगी देईना. मठाचे वरिष्ठ नाही म्हणाले, बिशपने टोलवाटोलवी केली. तेव्हा ही मुलगी यात्रेकरूंच्या तुकडीतून वडिलांबरोबर थेट रोमला गेली. पोपसमोर कुणी एक शब्दही बोलायचा नाही, असा सक्त हुकूम होता. 20 नोव्हेंबर 1887 रोजी तिने तेरावे लिओ ह्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून आपले मागणे मांडले. देवाची इच्छा असेल तर जाशील, असे मोघम उत्तर मिळाले, तरी ती उठेना; शेवटी रखवालदारांनी तिला उचलून बाजूला नेले. त्याच रोमच्या मुक्कामात कोलोसियमच्या पडक्या आखाड्यात उतरायला मनाई असताना अडसर ओलांडून सेलीनला घेऊन ती खाली उतरली होती. इटलीत जिथे जावे तिथे 'बायांनी इथे यायचे नाही' म्हणून सांगतात, ह्याबद्दलची तिची कुरकुर तिच्या लेखणीतून उतरलेली आहे. मुखपृष्ठावरच्या गुलाबवाल्या मुलीत ही मुलगी कुठेही दिसत नाही.

9 एप्रिल 1888 रोजी ती मठात दाखल झाली. आता आपण त्या मठाच्या आत येऊ.

मठ म्हटला की आपल्यासमोर शांत, उदात्त असे काही उभे राहते. प्रत्यक्षात काय होते? पंचवीसेक बाया, तरुण, म्हाताऱ्या, शिकलेल्या, अडाणी, प्रेमळ, खडूस. एका कुंपणात जन्मभरासाठी कोंडलेल्या. बहुतेक वेळ मौन. थंडीत साऱ्या मठात शेकायला एकच खोली. मठाध्यक्षा कर्तबगार पण लहरी. शिवाय सख्ख्या बहिणी तिथेच. पोलीन आणि थोरली मारी आधीच गेलेल्या, पुढे सेलीनही आली. मला तर हे वर्णन वाचताना आमच्या लहानपणच्या वाड्याची आठवण झाली. फरक इतकाच की वाड्यातली सून चार दिवस माहेरी तरी जाऊ शके.

प्रार्थनेच्या वेळी तेरेझच्या मागे एक भगिनी बसत असे. तिला एक सवय होती. दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा बारीक आवाज ती काढत राही. बाकी कुणाच्या ध्यानातही तो येत नव्हता. हिला मात्र त्यापलीकडे काही ऐकू येईना. मागे वळून एकदा रोखून पाहावे, एवढीच तीव्र इच्छा. कपाळाला घाम फुटे. शेवटी तिने असे ठरवले की न ऐकण्याचा प्रयत्न सोडून द्यायचा आणि तो आवाजच लक्ष देऊन ऐकायचा, जणू एखादे सुरेख संगीत चालले आहे आणि ते आपण देवाला वाहतो आहोत. त्या दिवसाची प्रार्थना तेवढीच झाली. आता हसू नका! घरी कुणाचा चहा पिण्याचा आवाज, कुणाचे खाकरणे, कुणाची चप्पल फरपटण्याची तऱ्हा ह्यांनी ज्यांची समाधी भंगते असे साधक ह्या सभागृहातही असतील. व्यासपीठावर तर एक आहेच.

धुण्याच्या जागी समोरची भगिनी रुमाल आपटताना घाणेरड्या पाण्याचे शिंतोडे हिच्या तोंडावर उडवी. तरी ही चेहरा पुसत नसे. आपली जनाबाई दळायला बसली की विठ्ठल जात्याला हात लावायला येई, असे आपण ऐकत आलो. ह्या धुण्याच्या जागी कुणी आले नाही. पाणी घाणेरडेच राहिले आणि रुमाल हिलाच धुवावे लागले. मला ह्या दोघींत उणेअधिक करायचे नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या जात्याला देवाचा हात लागत नाही, हेही खरे ना?

मठात एक भगिनी अशी होती की तिचे वागणे, बोलणे, स्वभाव, सगळेच हिला नकोसे होई. तेरेझने मनाशी म्हटले, प्रेम ही काही वाटण्याची गोष्ट नव्हे, करण्याची आहे. मग तिच्यासाठी प्रार्थना, तिची होतील तेवढी कामे, आणि उलट उत्तर जिभेवर आले की त्याऐवजी हसून विषय बदलणे, असा क्रम तिने चालवला. कधी कधी मात्र आतला झगडा इतका अनावर होई की ही सरळ तिथून पळ काढी. रणातून पळणाऱ्या शिपायासारखी, असे तिनेच लिहिले आहे. एके दिवशी त्या भगिनीने आनंदाने विचारले, तुला माझ्यात असे काय बरे आवडते, की मला पाहिले की तू हसतेस? माझ्या मते ह्यात मर्म आहे ते त्या पळून जाण्यात. ज्याला राग येतच नाही त्याच्या शांतीचे मला कौतुक नाही. हिला राग येई. किती येतो हे ती ओळखून होती, आणि आपली ताकद किती, हेही.

आता जिच्यामुळे हे पुस्तक मी पुन्हा हाती घेतले ती गोष्ट सांगतो. सें-प्येर नावाची एक म्हातारी, संधिवाताने जखडलेली भगिनी मठात होती. रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना तिला प्रार्थनामंदिरातून भोजनगृहात न्यावे लागे. तिचे समाधान करणे महाकठीण, म्हणून कुणी पुढे होईना. तेरेझ पुढे झाली. वेळ झाली की म्हातारी हातातले वाळूचे घड्याळ हलवी. चला, असा त्याचा अर्थ. मग तिचे स्टूल उचलायचे, तेही ठरल्या पद्धतीने. मागून कमरपट्टा धरून हळूहळू चालायचे. जरा पाऊल अडखळले की, धरत नाहीस, मी पडणार! जरा सावकाश गेले की, कुठे आहेस, तुझा हात लागत नाही! तरी मी म्हटले होते, पोर फार लहान आहे. जागेवर बसवायचे, तेही न दुखवता. बाह्या वर करायच्या, त्याही तिच्याच रीतीने. एवढे करून सुटका होत असे. काही दिवसांनी तेरेझच्या लक्षात आले की वाकड्या बोटांनी म्हातारीला आपला पाव कापून भांड्यात घालता येत नाही. तेव्हापासून जाण्यापूर्वी ती तो कापून देऊ लागली. हे कुणी सांगितलेले नव्हते. आणि निघताना तिच्याकडे पाहून हसू लागली. म्हातारीचे मन जिंकले ते त्या हसण्याने.

माझी आई शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला औषध कोणत्या पेल्यातून द्यायचे, उशी कोणत्या बाजूने आधी उचलायची, सगळे ठरलेले. मी ते करीत असे. गावात माझे नाव चांगले झाले होते. पण ते करताना माझा चेहरा कसा असे, ते मला आणि आईलाच ठाऊक. त्या दिवसांत हा सें-प्येरचा प्रसंग मी वाचला. वाचून मी बदललो असे सांगितले तर ते खोटे ठरेल. चार दिवस मी हसून उशी उचलली. पाचव्या दिवशी पुन्हा कपाळाला आठी. परंतु आठी पडली आहे हे आता मला दिसू लागले. आई म्हणाली, "हल्ली तू फार विचारात असतोस रे." तिला पाव कापून द्यावा तसे काही मला सुचले का? एकदा सुचले. तिच्या खोलीतले घड्याळ तिला पडल्या पडल्या दिसत नव्हते. ते मी समोरच्या भिंतीवर आणून लावले. दोन वर्षांत एवढेच.

असो. आता ती चूक कुणाची ते सांगतो. तेरेझने आपल्या आठवणी लिहिल्या त्या आज्ञेवरून, तीन खेपांना, 1895 ते 1897 ह्या काळात. ती गेली त्याला बरोबर वर्ष झाले, तेव्हा 30 सप्टेंबर 1898 रोजी त्या छापून निघाल्या. छापण्यापूर्वी पोलीनने त्यांवर हात फिरवला. वाक्ये बदलली, काही गाळली, काही गुळगुळीत केली. सेलीनने मठात कॅमेरा आणला होता, त्यामुळे तिची पुष्कळ छायाचित्रे आहेत. पण लोकांसमोर आली ती रंग भरून, गोड करून. दोघींचेही प्रेम खरे होते. आपल्याकडे बखरकार वाईट असतात असे नाही. ते भक्त असतात हीच अडचण. मूळ वह्या जशाच्या तशा प्रसिद्ध व्हायला 1956 साल उजाडले. आणि त्यांतून जी बाई दिसली तिच्याकडे पाहून जाणते लोकही गप्प झाले.

1896 साली ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री ती आपल्या खोलीत येऊन आडवी झाली, आणि घशातून काहीतरी उसळून ओठांशी आले. दिवा तिने नुकताच मालवला होता. काय आहे ते पाहायला तो पुन्हा पेटवावा, असा मोह झाला; तो तिने आवरला आणि ती झोपली. सकाळी खिडकीपाशी जाऊन पाहिले तर रुमाल रक्ताने भिजलेला. तिला आनंद झाला, असे ती लिहिते. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, पण स्वर्गावर तिचा तेव्हा इतका गाढ विश्वास होता की मृत्यू म्हणजे घरून आलेले बोलावणे, असेच तिला वाटे. देव नाही, स्वर्ग नाही असे म्हणणारी माणसे खरोखर असतील हे तिला पटतच नसे; मनात एक आणि ओठांवर एक, असे त्यांचे असणार अशी तिची समजूत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच ईस्टरच्या सुमारास, तो विश्वास विझला. कमी झाला, डळमळला, असे नव्हे. दाट धुके यावे आणि घरचा रस्ताच काय, घराची आठवणही पुसून जावी, तसे झाले. आकाशापर्यंत चढलेली भिंत, असे तिने त्याला म्हटले आहे. काळोखच जणू वेडावून म्हणे, हो पुढे, मर. तुला वाटते तो प्रकाश मिळायचा नाही, ह्याहूनही गडद रात्र मिळेल, शून्याची रात्र. एवढे लिहून ती थांबते. ह्यापुढे लिहिले तर देवनिंदा होईल, अशी तिला भीती वाटते. ही स्थिती मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष टिकली. आपल्या तुकोबांनीही देवाच्या नावाने असाच आक्रोश केला आहे, तो आपल्याला ठाऊक आहे. पण तुकोबा निदान देवाशी भांडू शकत होते. हिच्यापुढे भांडायलाही कुणी उरले नव्हते.

मग तिने काय केले? 'क्रेडो' म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे जे सूत्र आहे, ते तिने स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगले. कविता लिहीत राहिली, त्या इतक्या प्रसन्न की भोवतालच्या भगिनींना वाटे, हिला स्वर्ग डोळ्यांसमोर दिसतो आहे. ती स्वतः सांगते की मला त्यातले काही जाणवत नाही. जे मानायची माझी इच्छा आहे ते मी गाते आहे, इतकेच. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते. ज्या नास्तिकांवर तिचा विश्वास नव्हता, त्यांच्याच पंगतीला आता आपण बसलो आहोत, हे तिने ओळखले. ती त्यांना भाऊ म्हणते. त्यांच्या पानातली कडू भाकरी ती खाते, आणि देवाला म्हणते की तुझी इच्छा असेल तोवर मी ह्या पंगतीतून उठणार नाही. चौदाव्या वर्षी प्रांझिनीसाठी प्रार्थना केली ती वरून, सुरक्षित जागेवरून केलेली होती. आता ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

आपण 'आध्यात्मिक प्रेरणा' म्हणतो तेव्हा सहसा आपल्याला अनुभव हवा असतो. डोळे मिटावेत आणि काहीतरी लकाकावे. तो नाही आला की आपण म्हणतो, आपला हा प्रांत नव्हे; आणि पुन्हा व्यवहाराला लागतो. तेरेझची गोष्ट मला लागते ती ह्यासाठी की तिच्यापाशीही अनुभव नव्हता. प्रार्थनेत तिला कितीतरी वर्षे झोप येत असे. आईबापांना मुले झोपेतही तितकीच आवडतात, म्हणून ती फार खंत करीत नसे. मोठ्या संतांच्या उंच जिन्यावर चढणे आपल्याला जमणार नाही, हे तिने मान्य केले. यात्रेत तिने श्रीमंतांच्या घरची लिफ्ट पाहिली होती. देवाचे हात हीच आपली लिफ्ट, असे ती म्हणाली आणि आपण लहानच राहायचे ठरवले. मग पुढे ती लिफ्टही दिसेनाशी झाली. तरी पाव कापणे चालू राहिले. श्रद्धा गेली तरी श्रद्धेने जे शिकवले ते सोडायचे नाही, हा तिचा हट्ट. आपल्याकडच्याच कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी ह्याच तेरेझवरून आपले नाव घेतले होते. त्यांची खाजगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की त्याही अनेक वर्षे अशाच काळोखात होत्या. नाव घेतले तेव्हा त्याबरोबर काय येणार, ह्याची त्या तरुण मुलीला कल्पना असणे शक्य नव्हते.

एका शंकेचे उत्तर द्यायला हवे. समोर बसलेल्या भगिनींपैकी काहींच्या मनात ती आली असेल. सोसा, हसा, पाणी पुसू नका, हे बायकांना सांगायला पुन्हा एक संत कशाला? आम्हाला आमच्या सासूबाईंनी हे फुकट सांगितले होते! ही शंका रास्त आहे. माझे म्हणणे असे की लादलेले सोसणे आणि निवडलेले सोसणे दिसायला सारखे असले तरी एक नव्हे. पोपसमोर बोलणारी, अडसर ओलांडणारी ही मुलगी गप्प बसायला कुणाला भीत होती असे दिसत नाही. पुरोहित व्हायची इच्छा, जी तिच्या धर्मात स्त्रीला करताच येत नाही, ती तिने स्वच्छ लिहून ठेवली आहे. आणि जे चुकीचे होते ते चुकीचेच. तिच्या अखेरच्या दुखण्यात आतडी कुजत चालली असताना मठाध्यक्षेने मॉर्फिनची सुई टोचू दिली नाही. त्याला मी पवित्र म्हणणार नाही. ते क्रौर्य होते, भले श्रद्धेपोटी झालेले असो. तेरेझनेही त्याचा गौरव केलेला नाही. इतके दुखणे माणसाला शक्य असेल असे वाटले नव्हते, असे ती म्हणाली. आणि यातना असलेल्या रोग्याच्या उशाशी विषारी औषधे ठेवू नका, अशी तिने ताकीदही दिली. तो मोह कसा असतो हे तिला कळले होते. चोवीस वर्षांच्या मठवासिनीने हे मोकळेपणाने सांगावे, ह्याचा धीर मला तिच्या गुलाबांपेक्षा मोलाचा वाटतो.

तिच्या आजारात एका भगिनीला दुसरीशी बोलताना तिने ऐकले की ही तेरेझ आता मरणार, आणि मठाच्या रिवाजाप्रमाणे हिच्याविषयी इतर मठांना पत्र लिहायचे, तर मठाध्यक्षा बिचारी लिहिणार तरी काय? पोर गोड आहे, पण सांगण्याजोगे हिने काही केलेले नाही. तेरेझला ह्याचे वाईट वाटले नाही. त्या पत्राऐवजी मग तिच्या वह्याच छापून पाठवल्या गेल्या. प्रती दोन हजार. पुढे त्या लाखोंनी निघाल्या, आणि पहिल्या महायुद्धात फ्रेंच शिपाई तिचे चित्र खिशात घेऊन खंदकांत गेले. हा सगळा डामडौल तिच्या मागून आला. तिच्या हयातीत होती ती फक्त वही.

ती वही लिहितानाचे तिनेच केलेले वर्णन सांगतो आणि आपली रजा घेतो. 1897 सालचा जून महिना. तिला चालवत नाही, म्हणून तिच्या वडिलांची चाकांची खुर्ची बागेत चेस्टनटच्या झाडांखाली आणून ठेवली आहे. ताप आहे, खोकला आहे. मांडीवर वही. विषय आहे शेजाऱ्यावरचे प्रेम. मठात गवत वाळवण्याचे दिवस, त्यामुळे भगिनींची सारखी ये-जा. दोन ओळी होतात न होतात तोच शुश्रूषा करणारी येते आणि गप्पा मारून जाते. मग दाताळे घेतलेली एक येते, अगं, इतके लिहून थकशील, असे कळवळून सांगते आणि तिथेच उभी राहते. ती गेली की तिसरी. एक तर गंमत वाटावी म्हणून रानफुलांचा ढीगच मांडीवर टाकून जाते. आज दहा ओळी तरी सलग लिहून झाल्या असतील की नाही, कुणास ठाऊक, असे तेरेझ हसत नोंदवते. एक जण दुरून येताना दिसते आहे. तेरेझ वही मिटते आणि वर पाहते.